चवथीचा कचरा बाजारातच ठरतो: गोव्यातल्या घरगुती गणपतीसाठी टप्प्याटप्प्याची तयारी

दर वर्षी विसर्जनाच्या संध्याकाळी कुणी ना कुणी विचारतंच, "एवढं निर्माल्य आता कुठे टाकू?" तोपर्यंत त्यांच्या हातात तीन-चार गच्च पिशव्या असतात. रोजांच्या (झेंडूच्या) फुलांचे हार, नायलॉनचा दोरा, अगरबत्तीची पाकिटं, पिचकलेला चिबूड, चहाचे प्लॅस्टिकचे प्याले, सगळं एकात एक. त्या घडीला या प्रश्नाला उत्तर नसतं. निर्माल्यात काय येणार हे आपण आठवडाभर आधी बाजारात ठरवलेलं असतं, आणि ते जिरणार कुठे हे ठरवायची वेळ तर त्याच्याही आधी येऊन गेलेली असते.

म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. बहुतेक घरी निर्माल्य कुठे जिरणार याचा विचार शेवटी होतो, इथे तो सुरुवातीला आहे. दीड दिवस असो की अकरा, क्रम बदलत नाही.

## १. आधी खताची जागा, मग बाकी सगळं (निदान महिनाभर आधी)

चवथ ऐन पावसात येते. परसात खड्डा खणून त्यात निर्माल्य पुरायचं, हा सल्ला कोरड्या मुलखात ठीक आहे. गोव्यात भाद्रपदात खड्ड्यात पाणी भरतं, आणि साचलेल्या पाण्यात फुलं सडतात, त्यांचं खत होत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं. मागच्या दारी खणलेल्या खड्ड्यातून चौथ्या दिवशी असा वास सुटला की काकींनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि म्हणाल्या, "देवाची फुलं अशी घाण करतात का रे?" मी तो खड्डा बुजवला. पुढच्या वर्षीपासून ढीग जमिनीच्या वर घालतो.

तयारी अशी:

* जागा उंचवट्यावर निवडा. पागोळ्या पडतात तिथे नको, आणि विहिरीपासून लांब हवी.
* तळाला नारळाची सोडणं किंवा चुडतांचे (नारळाच्या झावळ्यांचे) तुकडे वीतभर पसरा. पाणी यांच्यातून निघून जातं.
* वर जुना पत्रा किंवा ताडपत्री तिरकी बांधा. चारही बाजू उघड्या ठेवा.
* परस नसेल तर झाकणाचा जुना ड्रम घ्या, बुडाला आणि बाजूंना बोटभर भोकं पाडा आणि तीन विटांवर ठेवा. फ्लॅटच्या गॅलरीत एवढं पुरतं.

आता सर्वात जास्त विसरली जाणारी वस्तू: सुका पाला. ओल्या फुलांच्या एका बादलीला सुक्या पाल्याच्या साधारण दोन बादल्या लागतात, आणि पावसात सुका पाला शोधून मिळत नाही. तो एप्रिल-मे महिन्यांत आंब्या-फणसाखाली पडतो आणि आपण तो जाळून टाकतो. त्याच वेळी दोन पोती भरून पडवीत ठेवा. यंदा राहून गेलं असेल तर नारळाच्या काथ्याचा भुसा, सुतारकामाच्या ठिकाणचा साध्या लाकडाचा भुसा किंवा फाडलेली वर्तमानपत्रं चालतील. प्लायवूडचा भुसा घेऊ नका, त्यात डिंक असतो.

तपासून पाहा: जोरदार पाऊस होऊन गेल्यावर ढिगाच्या जागी जाऊन पाय ठेवा. चप्पल रुतली तर जागा बदला.

## २. मूर्ती: पाट देण्याआधी मातीचा तुकडा मागा

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना गोव्यात बंदी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांतही त्या नाकारल्या आहेत. तरीही त्या येतात, आणि 'मातीची' म्हणूनच विकल्या जातात. आम्ही एकदा रस्त्याकडेच्या मांडवातून घाईत घेतली होती. बादलीत तीन दिवस ठेवली, तरी नाकसुद्धा झिजलं नाही.

गावच्या चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, मूर्तीसाठी आपला पाट नेऊन देण्याची रीत अजून आहे, तीच पाळा. पाट देताना चितारी (मूर्तिकार) ओळखीचा होतो, कच्ची मूर्ती दिसते आणि विचारता येतं. हे विचारा:

1. माती चिकणमातीच आहे ना? सुकलेल्या मातीचा लिंबाएवढा तुकडा मागून घ्या. घरी पाण्याच्या पेल्यात टाका. न भाजलेली चिकणमाती कडांपासून सुटायला लागते, बुडबुडे येतात आणि थोड्याच वेळात तळाशी गाळ बसतो. प्लास्टर तसंच राहतं.
2. रंग कोणता? पाण्यात कालवलेला हवा. ऑइल पेंट किंवा वार्निश मारलं की माती आतून विरघळायला तयार असली तरी पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही. मूर्ती मातीची असूनही न विरघळण्याचं हेच नेहमीचं कारण.
3. चमकी, प्लॅस्टिकचे खडे, चिकटवलेलं मखमलीचं सोवळं नको म्हणून आधीच सांगा. शेवटच्या आठवड्यात सांगून उपयोग नाही, तोपर्यंत ते लागलेलं असतं.

उंची फुटाच्या आत ठेवा. विसर्जनाच्या घरच्या टबात मावली पाहिजे, हे एकच माप त्यासाठी पुरेसं आहे. आधी टब मोजा, मग मूर्ती सांगा.

सावधान: तयार, रंगवलेल्या मूर्तीवर पाणी टाकून परीक्षा घेऊ नका. मूर्ती भंगते आणि चितारीही दुखावतो.

मूर्ती घरी आणताना पाऊस असतोच. दर वर्षी नवा प्लॅस्टिकचा कागद विकत घेण्यापेक्षा एक जाड ताडपत्री घ्या, आणल्यावर पुसून माटोळीच्या (मूर्तीच्या वर फळं-फुलं टांगतात त्या) चौकटीबरोबर माळ्यावर ठेवा.

## ३. मखर: जे उलगडून परत ठेवता येईल तेच

थर्माकोलच्या सजावटीला १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे तो विषय संपला. त्याच्या जागी आलेला रंगीत फोमचा पत्रा मात्र तितकाच वाईट, तोही नको.

लाकडी किंवा बांबूची चौकट, मागे आईची जुनी नऊवारी, समोर अबोलीचे वळेसर (गजरे) आणि केळीचे दोन खुंट. यापलीकडे लागत नाही. चौकट खिळ्यांनी ठोकू नका, नटबोल्टने जोडा. ठोकलेली चौकट काढताना मोडते आणि पुढच्या वर्षी नवी लागते. विजेच्या माळा गेल्या वर्षीच्याच काढून आठ दिवस आधी लावून बघा. एखादी बंद असली तर दुरुस्तीला वेळ राहतो.

आरतीला वाजवायचा घुमट (मातीचं चर्मवाद्य) नवा घ्यायचा असेल तर बकऱ्याच्या कातड्याचा घ्या, घोरपडीच्या नको. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तिचं कातडं घेणाऱ्यावरही गुन्हा होतो.

## ४. माटोळीचा बाजार: यादी घेऊन जा, पिशवी घेऊन जा

म्हापसा, पणजी, फोंडा, डिचोली, कुठल्याही बाजारात चवथीच्या आदल्या दोन दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. गर्दीत माणूस दिसेल ते उचलतो. म्हणून घरून यादी करून निघा, आणि यादीचे तीन भाग करा.

पहिला भाग, जे नंतर स्वयंपाकात जाईल: नारळ, शहाळी, तवशी (काकड्या), नीरफणस, दोडकी, पडवळ, भोपळा, आंबाडे, केळ्यांचा घड. हा भाग मोठा असू द्या. केळी हिरवी घ्या, पिवळी घेतली तर तिसऱ्या दिवशी एकेक गळून मूर्तीसमोर पडतं.

दुसरा भाग, जे सुकवून वापरता येईल: सुपारीचे घोस, तिरफळं, भाताची कणसं.

तिसरा भाग, रानातलं: कांगलां, कवंडळ, घागऱ्या, वाघनखी (कळलावी) अशी. इथे हात आखडता घ्या. प्रत्येकाची एक डहाळी किंवा दोन फळं पुरेत. रानातून आणताना वेल मुळासकट उपटली जाते आणि पुढच्या वर्षी त्या जागी काहीच उगवत नाही. आमच्या मागच्या डोंगरावर मी लहानपणी पाहिलेल्या कितीतरी वेली आता दिसत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. विक्रेतीला विचारा, "वयनी, हें कापून हाडलां काय उपटून?" (कापून आणलंय की उपटून?) मुळं लोंबत असतील तर घेऊ नका. बहुतेक जणी खरं सांगतात. गिऱ्हाईक कापलेलंच मागतं म्हटल्यावर पुढच्या खेपेला त्या कापूनच आणतात.

माटोळी मोजून मोठी करायची नसते. स्पर्धेतली माटोळी अभ्यासाची आणि ओळख टिकवण्याची असते, तिला शेकडो प्रकार शोभतात. घरच्या माटोळीला पंचवीस-तीस प्रकार झाले तरी ती भरलेली दिसते.

सावधान: वाघनखीचं झाड सगळंच विषारी आहे, कंद तर फारच. कवंडळही खायचं नसतं. ही दोन्ही घरी आणल्यावर वेगळ्या टोपलीत ठेवा, मुलांना दाखवून नावं सांगा, आणि नंतर गुरांपुढे टाकू नका.

कापडी पिशव्या चार न्या, आणि एक करंडी. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी असूनही त्या दिवशी बाजारात मिळतात. तुमच्या हातात पिशवी दिसली तर विक्रेती स्वतःची काढत नाही. फुलांचे तयार हार घेताना दोरा ओढून बघा: नायलॉनचा असेल तर सुटी फुलं घ्या आणि घरी केळीच्या सोपाच्या दोऱ्यात किंवा सुती दोऱ्यात ओवा.

## ५. माटोळी बांधणं: जड आधी, नाजूक शेवटी

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश सांगतो.

चौकट खाली उतरवून पुसा. प्रत्येक सांधा हाताने हलवून बघा. आढ्याची कडी गंजली असेल तर बदला, कारण खाली मूर्ती आणि आरतीला उभी माणसं असतात. चौकट रिकामी असतानाच टांगा आणि तिला बांधायच्या वजनाच्या दुप्पट नारळ पोत्यात घालून रात्रभर लोंबकळत ठेवा. सकाळी चौकट वाकली असेल तर मधे एक आडवी पट्टी जोडा.

दोर केवणीच्या सालीचा असेल तर उत्तम. बाजारात जुड्या मिळतात, तासभर पाण्यात भिजवल्या की मऊ होतात आणि सुकल्यावर गाठ आवळते. नसेल तर काथ्याची दोरी. नायलॉनची सुतळी आणि तार नको, दोन कारणांनी: उतरवताना ती कापून निर्माल्यात पडते, आणि पुढे खत चाळताना बोटाला लागते ती हीच.

क्रम असा:

1. नारळ, शहाळी, भोपळा, नीरफणस चारही कोपऱ्यांना आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांना. समोरासमोर सारख्या वजनाचे, म्हणजे चौकट कलत नाही.
2. केळ्यांचा घड मागच्या बाजूला. मध्यभागी बांधलात तर समईची धग लागून लवकर पिकतो.
3. तवशी, दोडकी, पडवळ. चिबूड मात्र दीड दिवसाच्या गणपतीलाच बांधा. पाच किंवा अधिक दिवस असतील तर तो फुटून खाली गळतो.
4. सुपारीचे घोस, आंबाडे, तिरफळं.
5. तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या, संध्याकाळी, अगदी शेवटी, रानातली फुलं, पानं आणि आंब्याच्या डहाळ्या.

नेहमीची चूक म्हणजे हौसेने सगळं दोन दिवस आधी बांधून ठेवणं. चवथीच्या सकाळी पानं मान टाकतात, मग घाईने पुन्हा बाजार, पुन्हा तेवढंच सामान, आणि आधीचं सगळं कचऱ्यात.

तपासून पाहा: समईच्या ज्योतीपासून सर्वात खालच्या लोंबत्या पानापर्यंत निदान दोन हात अंतर हवं.

## ६. पानं, पाहुणे, आरती

जेवण केळीच्या पानावर, हे घरोघर चालतंच. घोळ होतो आरतीच्या मंडळींच्या वेळी. वीस-पंचवीस माणसं येतात, चहा द्यायचा असतो, आणि कुणीतरी दुकानातून प्लॅस्टिकचे प्याले आणतं. त्यापेक्षा शेजारच्या दोन घरांशी आधी बोलून घ्या. प्रत्येक घरात वीस-पंचवीस स्टीलचे पेले असतात, तीन घरांचे मिळून आरत्या निभतात. पेले ओळखायला बुडाला रंगीत दोरा बांधा. धुवायला मुलांना पाळी लावा, ती आवडीने करतात. पाण्यासाठी माठ आणि ओगराळं.

प्रसाद देताना पंचखाद्य केळीच्या पानाच्या तुकड्यावर किंवा कागदी पुडीत. पातोळ्यांना तर हळदीचं पान असतंच.

नेवऱ्या (करंज्या) तळलेलं तेल गाळून एकदा भाजीला वापरा. मोरीत ओतू नका, पाइपात थर बसतो. खतखतं (अनेक भाज्यांची मिसळीची भाजी) मात्र माणसं मोजून करा. भाज्या माटोळीतून उतरणारच असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी बाजारातून आणखी भाजी घ्यायची गरज नसते. दर वर्षी सर्वात जास्त वाया गेलेलं अन्न मी खतखत्याच्याच टोपात पाहिलं आहे.

फटाके मुलांसाठी म्हणून आणलेच तर अंगणातच लावा आणि सकाळी कागद मुलांकडूनच वेचून घ्या.

## ७. रोजचं निर्माल्य: तीन भांडी, रोज सकाळी

देवघराच्या बाजूला तीन भांडी ठेवा:

* करंडी: फुलं, दूर्वा, पत्री, केळीचं पान. हे रोज ढिगात.
* पितळी वाटी किंवा डबा: कापूस, वाती, सुती दोरे. वाती तेल निथळून ढिगात.
* कागदी पिशवी: अगरबत्तीची पाकिटं, कापराच्या पुड्या, जरीचे आणि नायलॉनचे दोरे. यातलं काहीही ढिगात नाही. वर्गीकरण करून पंचायतीच्या किंवा पालिकेच्या गाडीला.

रोज म्हणजे रोजच. पाच दिवसांचं साठवून एकदम टाकलं तर खालचे थर आंबतात. सकाळची पूजा झाल्यावर जुना हार उतरवताना दोरा तिथल्या तिथे ओढून काढा. ताज्या हारातून तो अलगद निघतो, पाचव्या दिवशी चिखलातून शोधावा लागतो.

ढिगात घालताना थर असे: मूठभर माती किंवा जुनं खत, त्यावर करंडी, त्यावर तिच्या दुप्पट सुका पाला. सुका पाला नेहमी वर, एकही फूल उघडं दिसता कामा नये. शिजवलेलं अन्न यात घालू नका, उंदीर येतात.

तपासून पाहा: तिसऱ्या दिवशी आतला मूठभर माल हातात घेऊन पिळा. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर सुका पाला वाढवा. हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा.

## ८. विसर्जन घरीच, आणि उतरवण्याचा क्रम

उत्तरपूजा झाल्यावर, मूर्ती हलवण्याआधी: हार, दागिने, वस्त्र, जानवं, सगळं काढा. हे नदीकाठी काळोखात कुणी नीट काढत नाही, म्हणून पाटावर असतानाच.

टब मूर्तीपेक्षा वीतभर उंच घ्या आणि अंगणात तुळशीजवळ ठेवा. आरती, गाऱ्हाणं, सगळं तसंच करा. मूर्ती पाण्यात हळूच आडवी ठेवा. रंग पाण्यात सुटणारे असतील तर सकाळपर्यंत आकार गेलेला असतो. काठीने ढवळू नका, आपोआप होऊ द्या. दोन दिवसांनी वरचं निवळ पाणी फुलझाडांना घाला, भाजीपाल्याला नको. तळाची माती चितारीला परत द्या किंवा सुकवून ठेवा.

व्हाळावर (ओढ्यावर), नदीवर किंवा समुद्रावरच जायचं असेल तर भरतीची वेळ पाहून जा. ओहोटीला सोडलेली मूर्ती गाळात अर्धी उघडी राहते, आणि दुसऱ्या दिवशीचं ते दृश्य बघवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत कधीच नको.

चुकून प्लास्टरची मूर्ती घरी आलीच असेल तर ती पाण्यात सोडू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती विरघळवायची पद्धत दिली आहे, स्थानिक पालिकेकडे आधी चौकशी करा.

## ९. माटोळी त्याच रात्री उतरवा

विसर्जन झालं की सगळे दमतात आणि माटोळी तशीच राहते. दोन दिवसांनी ती उतरवायला जावं तर अर्धी कुजलेली. त्यापेक्षा त्याच रात्री, दोघांनी धरून, वरून एकेक वस्तू सोडवा. दोर कापू नका, गाठ सोडा, केवणीचा दोर पुन्हा वापरता येतो.

समोर चार टोपल्या: स्वयंपाकाची, वाटायची, सुकवायची, ढिगाची. नारळ-भाज्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आरतीला आलेल्या घरांना पोचवा. सुपारी, तिरफळं पडवीत पसरा. भाताची कणसं दारावर बांधा, चिमण्या खातात. दोडका, पडवळ, भोपळा यांच्यातलं एखादं वेलीवरच पूर्ण जून झालेलं असेल तर त्याचं बी राखेत घोळून कागदी पुडीत ठेवा, वर नाव आणि साल लिहून. रानातली फळं पिकलेली असतील तर जिथे ती वेल वाढू शकेल अशा कुंपणाकडे टाका. वाघनखीची नको, गुरांच्या वाटेवर तर मुळीच नको.

## १०. ढिगाकडे पुढचे दोन महिने

दर आठ दिवसांनी फावड्याने एकदा खालवर करा. ताडपत्री सरकली नाही ना ते बघा. आंबट वास आला तर ढीग ओला झाला आहे: सुका पाला घाला आणि दोनदा फिरवा. चवथीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत दोन महिन्यांहून थोडा अधिक वेळ मिळतो, आणि पाऊस सरल्यावर ढीग झपाट्याने बसतो. तोपर्यंत फुलाची पाकळी ओळखू येता कामा नये, रंग काळपट हवा आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. सोडणांचे तुकडे तसेच राहिले असतील तर ते काढून पुढच्या ढिगाच्या तळाला टाका.

चाळताना दोरे सापडतील. किती सापडले ते मोजून वहीत लिहा, पुढच्या वर्षीच्या बाजाराच्या यादीशेजारीच. आमच्या वहीत पहिल्या वर्षी एकोणीस आहेत, गेल्या वर्षी दोन. मग वृंदावन रंगवण्याआधी तुळशीची वरची माती बोटभर उकरून त्यात तीन ओंजळी हे खत मिसळा, आणि पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी घाला.